वाचक विचारतात : पिंजऱ्यातलं माकड

*घरी माकड पाळल्यामुळे उभे राहिलेले पाच प्रश्न या वेळी निवडले आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.*

प्रश्न : काकांच्या मळ्यात लाल तोंडाचं एक नर माकड चार वर्षांपासून आहे. अगदी पिल्लू असताना आणलं होतं. चार बाय तीन फुटांच्या पिंजऱ्यात राहतं. आधी सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळायचं, आता लहान मुलांवर धावून जातं आणि स्वतःचाच हात चावतं. मोठा पिंजरा करावा, की पसरणीच्या घाटात सोडून द्यावं? — कराड तालुका

दोन्ही करू नका. घाटात सोडण्याचा विचार तर मनातूनच काढा, कारण ज्यांच्या मनात दया असते तेच बहुतेकदा ही चूक करतात.

आपल्याकडचं लाल तोंडाचं माकड वीस-तीस जणांच्या टोळीत वाढतं. कुणापुढे मान खाली घालायची, कुणाच्या उवा काढायच्या, कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, हे ते पहिल्या दोन-तीन वर्षांत आईच्या पोटाशी आणि सवंगड्यांच्या मारामारीत शिकतं. तुमच्या माकडाला यातलं काहीच माहीत नाही. घाटातल्या टोळीसमोर ते गेलं की मोठे नर त्याला फाडतात. त्यातून वाचलंच तर ते रस्त्यावर येतं, कारण खाणं माणसाच्या हातातून मिळतं एवढंच त्याला कळतं. मग ते पर्यटकांच्या पिशव्या ओढू लागतं, कुणाला तरी चावतं आणि लोक त्याच्यामागे काठ्या घेऊन लागतात. शिवाय माणसाचा क्षयरोग माकडाला लागतो. घरातल्या कुणाच्या खोकल्यातून त्याला तो झाला असेल, तर एका सुटलेल्या माकडामागे अख्खी टोळी आजारी पडते. परवानगीशिवाय वन्यप्राणी असा नेऊन सोडणं कायद्यालाही मान्य नाही.

स्वभाव का बदलला, ते सांगतो. चार-पाच वर्षांचा नर वयात येतो आणि टोळीत आपली जागा मिळवायला लागतो. त्याची टोळी म्हणजे तुमचं घर. सुरुवात तो सगळ्यात लहान सदस्यापासून करतो, म्हणून मुलांवर धावतो. मारून, उपाशी ठेवून हे थांबत नाही. काहीजण सुळे काढून घेतात. ते क्रूर आहेच, आणि उरलेल्या दातांनीही तो तोडतोच. स्वतःचा हात चावणं, केस उपटणं, एकाच जागी डोलत राहणं ही एकटेपणाची लक्षणं आहेत. पिंजरा दुप्पट केला तरी आत दुसरं माकड नसतं, त्यामुळे ती जात नाहीत. ही माकडं वीस वर्षांहून जास्त जगतात. म्हणजे अजून बराच काळ हेच चालणार.

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये पकडणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. वन्यप्राणी हाती आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवून तो त्यांच्या ताब्यात द्यावा लागतो. ‘पिल्लू सापडलं होतं’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे प्राणी आहे त्याच्यावर येते. शिक्षा दंडाची आणि तुरुंगवासाची आहे. आपण होऊन कळवलं म्हणजे गुन्हा पुसला जातो असं नाही, त्यामुळे वकिलाशी बोलून घ्या. पण धाड पडण्याची वाट बघणं केव्हाही वाईट.

वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्जही द्या. त्यात माकडाचं वय, ते कधी आणि कुठून आणलं, काय खातं, कुणाला चावलं, आजारपणं झाली का, हे खरं लिहा. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. पुढे वन विभागाच्या प्राणी उपचार केंद्रात माकड आधी वेगळं ठेवलं जातं, क्षयाची चाचणी होते (पापणीच्या कातडीत सुई देऊन तीन दिवस सूज बघतात), मग जाळीपलीकडून दुसरी माकडं दाखवत हळूहळू ओळख करून देतात. याला कित्येक महिने लागतात आणि दर वेळी यश येत नाही. तेव्हा ते उरलेलं आयुष्य केंद्रातच काढतं, पण निदान आपल्या जातीच्या सोबतीत.

तोपर्यंत काय करायचं? कंबरेला पट्टा असेल तर आधी तो बघा. पिल्लूपणी बांधलेला पट्टा सैल करायचं राहून जातं आणि तो मांसात रुततो. असं झालं असेल तर ओढू नका, पशुवैद्याकडून भूल देऊनच कापून घ्या. चहा, बिस्किटं, साखर लावलेली पोळी आजपासून बंद. सकाळ-संध्याकाळ पालेभाजी, काकडी, गाजर, मोड आलेले हरभरे द्या. पेरू किंवा आवळा रोज थोडा द्याच, कारण माणसासारखंच माकडही ‘क’ जीवनसत्त्व शरीरात बनवू शकत नाही. सालासकट शेंगा कडब्यात पसरून ठेवल्या तर शोधण्यात त्याचा तास जातो आणि हात चावणं थोडं कमी होतं. बसायला उंचावर जाड फांदी हवी, कारण माणसांच्या नजरेखाली जमिनीवर बसणं त्याला भीतीचं वाटतं. दिवसातून दोन तास कोवळं ऊन आणि बाजूला सावली. मुलांना पिंजऱ्यापासून किमान सहा फूट लांब ठेवा आणि डोळ्यांत रोखून बघू नका म्हणून सांगा. माकडाच्या भाषेत ते आव्हान असतं.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या पाळीव माकडाने मुलीला ओरखडलं, थोडं रक्त आलं. माकड घरचंच आहे, तर दहा दिवस वाट बघून मग लस घेतली तर चालेल का? — वाई

नाही. दहा दिवस लक्ष ठेवण्याचा नियम कुत्र्या-मांजरांसाठी आहे, माकडाला तो लागू नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका. पोव्हिडोन आयोडीन लावा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. रक्त आलेली जखम तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे लशीबरोबर जखमेत रेबीजविरोधी सीरमही द्यावं लागतं. दंडात घ्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. कातडीत घ्यायची असेल तर तारखा वेगळ्या असतात, कार्डावर लिहून घ्या आणि एकही चुकवू नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा. लाल तोंडाच्या माकडांत ‘बी’ नावाचा नागिणीच्या जातीचा विषाणू असू शकतो. माणसाला तो फार क्वचित होतो, पण झाला तर जीवघेणा ठरतो. म्हणून डॉक्टरांना ‘माकडाने ओरखडलंय’ असंच सांगा, ‘प्राण्याने’ असं मोघम नको. पुढच्या महिनाभरात जखमेजवळ फोड, बधिरपणा किंवा ताप आला तर लगेच परत जा.

प्रश्न : विजेच्या तारेला चिकटून वानरीण मेली, काळपट लव असलेलं पिल्लू खाली पडलंय. घरी आणून वाढवलं तर पुण्याचंच काम ना? — शिराळा

बत्तीस शिराळ्याला वन्यजीव कायदा तिथल्या जिवंत नागांच्या नागपंचमीमुळे चांगला ठाऊक आहे, तेव्हा त्याची उजळणी करत नाही. पहिला फोन महावितरणला. तार बंद झाल्याशिवाय काठीनेसुद्धा काही हलवू नका. वानरांच्या टोळीत इतर माद्याही पिल्लं सांभाळतात, अगदी दुसरीचं पिल्लू कडेवर घेऊन फिरतात. त्यामुळे टोळी जवळ असेल तर पिल्लू पाटीत, उंचावर पण पडणार नाही अशा जागी ठेवा, कुत्री बांधा आणि पन्नास फुटांवरून अंधार पडेपर्यंत बघत राहा. घाईने उचललेलं पिल्लू टोळीला कायमचं दुरावतं.

कुणी आलंच नाही किंवा पिल्लू जखमी असलं तर भोकं पाडलेल्या खोक्यात, गुंडाळलेल्या टॉवेलला घट्ट धरून बसू द्या आणि शेजारी कापडात बांधलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा. अंग गार असताना काहीही पाजायचं नाही, पचत नाही. ऊब आल्यावर कोमट ओआरएस, सुई काढलेल्या १ मिलीच्या सिरिंजने, थेंब थेंब. पिल्लाला उताणं करू नका, बसतं ठेवा. उताणं पाजलं की पाणी फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनियाने पिल्लू जातं. दयाळू घरांत पिल्लं मरण्याचं हे मोठं कारण आहे. गाईचं दूध नको. त्याच दिवशी १९२६ वर कळवा.

प्रश्न : द्राक्षबागेत लाल तोंडाची माकडं येतात. एक वानर बांधून ठेवलं तर ती येणार नाहीत असं ऐकलं. — तासगाव

वानरालाही तोच कायदा लागू आहे. आणि बांधलेलं वानर दोराच्या टप्प्यापलीकडे कुणाला हाकलू शकत नाही, हे माकडांना लवकर कळतं. त्यातून वानराचं पोट पाला पचवणारं. बांधलेल्याला भाकरी, बिस्किटं, गूळ घातला की पोटात आंबतं, फुगतं आणि ते मरतं. छाटणीत काढलेले घड बांधावर टाकू नका, टोळीला चटक तिथेच लागते. कडेच्या ओळींना जाळी टाका आणि पहाटे व दुपारी तीननंतर राखण ठेवा. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून, सातबारा जोडून वन विभागाकडे अर्ज करा. उशीर झाला तर पंचनाम्यात दाखवायला काही उरत नाही.

प्रश्न : इंटरनेटवर मार्मोसेट नावाचं परदेशी छोटं माकड मिळतंय. विकणारा म्हणतो, भारतीय नसल्यामुळे काही कागद लागत नाहीत. — सांगली

लागतात. हे माकड ब्राझीलचं, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. अशा प्राण्यांसाठी २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, प्राणी हस्तांतरित झाला, पिल्लं झाली, मेला तरी कळवावं लागतं. विक्रेत्याकडे नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर तो तुम्हाला तस्करीचा माल विकतोय असं समजा.

कागद असले तरी आमचं मत आहे, घेऊ नका. जेमतेम पाव ते अर्धा किलोचा हा जीव झाडाचा डिंक आणि किडे खाऊन कुटुंबाने राहतो. घरात सावलीत आणि फळांवर ठेवला की ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडून मुडदूस होतो, हाडं वाकतात, मग फांदी पकडता येत नाही. आणि तुमच्या ओठावर तापाने फोड आला असताना त्याचा मुका घेतलात, तर त्याच विषाणूने ते काही दिवसांत मरू शकतं.