४६ हजारांचा दिवा आणि ६० हजारांचा हप्ता

डिचोलीहून आलेल्या एका पत्राचा सारांश असा. वाचकाचे वय ३३, औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी, हातात येणारा पगार ३८ हजार. घरात पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि आई. आईला दर महिन्याला तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्यावे लागते आणि बसगाड्या बदलत जाणे तिला आता झेपत नाही, म्हणून त्यांनी म्हापशाच्या एका व्यापाऱ्याकडून २०१५ ची, ९२ हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल हॅचबॅक ३ लाख ६० हजारांना घेतली. आठव्या दिवशी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजवाल्याने मशीन जोडून पाहिले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला, धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) गेल्याचे सांगितले आणि खर्च ४६ हजार काढला. हे ४६ हजार घालावेत की नुकसान सोसून गाडी आत्ताच विकावी, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

दोन्हींपैकी काहीही या आठवड्यात करू नका. दिवा स्थिर आहे, लुकलुकत नाही आणि गाडी नेहमीसारखी ओढते, असे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा दिव्याला काही दिवस थांबता येईल. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता ज्या तीन गोष्टी लिहिल्या आहेत त्यांपैकी एकीला मात्र थांबता येणार नाही, आणि तिच्याविषयी तुम्ही काहीच विचारलेले नाही. पत्र छापून येईपर्यंत उशीर झाला असता म्हणून तेवढा भाग मी तुम्हाला ईमेलने आधीच कळवला आहे. इतर वाचकांसाठी तो येथे सविस्तर देतो.

गाडीसाठी तुम्ही बँकेकडून ३ लाखांचे वैयक्तिक कर्ज घेतले, १४ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. हातात पडले २ लाख ३५ हजार, कारण ५ हजार प्रक्रिया शुल्क गेले आणि ६० हजार 'कर्जासोबतच्या पॉलिसीचे' म्हणून कापले गेले. उरलेल्या सव्वा लाखासाठी तुम्ही घरातली एकमेव मुदत ठेव मोडली. पॉलिसीविषयी तुमचे वाक्य असे आहे: 'पैसे दुप्पट होऊन मिळणार आहेत, त्यामुळे ती चिंता नाही.' मला सगळी चिंता तिचीच आहे.

तुम्ही पाठवलेल्या कागदांनुसार हप्ता वर्षाला ६० हजार, दहा वर्षे. म्हणजे एकूण ६ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेरीस १२ लाख मिळायचे. दुप्पट हा शब्द कानाला गोड लागतो, पण वीस वर्षांचा हिशेब मांडला तर हा परतावा वर्षाला साधारण साडेचार टक्के भरतो. साधी पीपीएफ आज ७.१ टक्के देते. त्यातही पहिला हप्ता तुमच्या खिशातून गेलेला नाही, तो कर्जातून गेला आहे. साडेचार टक्के मिळवण्यासाठी तुम्ही १४ टक्क्यांनी पैसे उसने घेतले आहेत, आणि त्या ६० हजारांची चार वर्षांची परतफेड व्याजासह ७८-७९ हजारांवर जाते. पुढच्या वर्षीच्या हप्त्यासाठी आतापासूनच दर महिन्याला ५ हजार बाजूला काढावे लागतील, कर्जाचा हप्ता ८,२०० चा आहेच; ३८ हजारांच्या पगारातून १३ हजारांहून अधिक रक्कम घरात येण्याआधीच संपेल. एवढे करून विमा किती? ६ लाख. तुमच्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला एक कोटीचा टर्म विमा (मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) वर्षाला साधारण १२ ते १५ हजारांत मिळतो, आणि चार वर्षांची मुलगी असलेल्या घराला गरज त्या विम्याची आहे.

'पॉलिसी घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही' असे तुम्हाला तोंडी सांगण्यात आले. असे काही लेखी मागून पाहावे. मिळत नाही, कारण कर्जासाठी अशी पॉलिसी सक्तीची करता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य पत्रक देणे बँकांना बंधनकारक आहे आणि त्यात कर्जाचा सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहावा लागतो. तुमचे पत्रक काढा आणि हे ६० हजार त्यात कोणत्या नावाने आले आहेत, किंवा आलेच नाहीत, ते पाहा. तक्रार करण्याची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडेल.

आता मुदतीचे. पॉलिसीचा दस्तऐवज हातात पडल्यापासून, ईमेलने आला असला तरीही, ३० दिवसांच्या आत ती परत करण्याचा अधिकार विमा नियामकाच्या नियमांनी तुम्हाला दिला आहे. तुम्हाला तो ईमेल पत्र लिहिण्याच्या १७ दिवस आधी आला होता, म्हणजे पत्र लिहिताना १३ दिवस शिल्लक होते. अर्ज बँकेतल्या त्या गोड बोलणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही; थेट विमा कंपनीच्या शाखेत आणि ईमेलवर, दोन्हीकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मधल्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा आकार वजा होऊन बाकी रक्कम परत येते; तुमच्या बाबतीत ती ५८ हजारांच्या आसपास असावी. टाळाटाळ झाली तर नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा, त्यानंतर विमा लोकपाल आहेत; गोव्यासाठी त्यांचे मुंबई कार्यालय. 'एवढ्यात कशाला बंद करता, वर्षभर तरी चालू द्या' असे कोणीतरी फोन करून नक्की सांगेल. वर्षानंतर पॉलिसी सोडली तर नव्या नियमांनुसार काही रक्कम मिळते खरी, पण आज जवळजवळ सगळी मिळत असताना तो सल्ला ऐकण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट. गाडीचा विमा फेब्रुवारीपर्यंत आहे, तो जुन्या मालकाच्या नावावर आहे आणि 'त्याने काही फरक पडत नाही' असे व्यापाऱ्याने सांगितले. फरक पडतो. गाडीबरोबर तृतीय पक्षाचा विमा (तुमच्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीचा) कायद्याने आपोआप तुमच्याकडे आला असे धरले जाते. तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा येत नाही. त्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. ती मुदत तुमच्या हातून गेली आहे, तरी अर्ज आजच करा. कंपनी कदाचित गाडीची पाहणी करेल. जुन्या मालकाला मिळालेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा त्याचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल. तो भरताना कुरकुर करू नका. उद्या चोर्ला घाटात गाडी दरडीवर आदळली तर गाडी जाईल आणि ३ लाखांचे कर्ज तेवढे उरेल. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी तुमच्या नावावर करण्याचे कामही 'होईल दोन महिन्यांत' या भरवशावर सोडू नये. खरेदीदाराने ते ३० दिवसांत करायचे असते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे अधिकृतता प्रमाणपत्र लागते. ते त्याच्याकडे आहे का, एवढे विचारले तरी कामाला वेग येईल.

आता दिवा. गॅरेजवाल्याने तुम्हाला सुटा भाग सांगितला, कोड सांगितला नाही. त्याने दाखवलेला कोड बहुधा पी-०४२० असावा. या कोडचा अर्थ कन्व्हर्टर गेला असा होत नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्या सेन्सरचे माप सतत खाली-वर होते आणि कन्व्हर्टर काम करत असेल तर मागच्याचे बऱ्यापैकी स्थिर राहते. मागचेही पुढच्यासारखे हलू लागले की गाडीचा संगणक हा कोड नोंदवतो. मागचा सेन्सर म्हातारा झाला असेल, किंवा सेन्सरच्या आसपास सायलेन्सरचा पाइप गंजून बारीक छिद्र पडले असेल, तरी असेच होऊ शकते. गोव्याच्या पावसात आणि खाऱ्या हवेत दहा वर्षे राहिलेल्या गाडीचा पाइप गंजलेला निघाला तर आश्चर्य वाटू नये. इंजिन मिसिंग करत असेल तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला खरोखरच मारते, आणि मग मूळ दोष प्लगचा किंवा कॉइलचा असतो. तो तसाच ठेवून ४६ हजारांचा नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही जाईल.

म्हणून दुसऱ्या, शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जा, स्कॅन करून कोडचा छापील कागद घ्या. हजारभर रुपये लागतील. कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि इंजिनवरचा भार याची नोंदही संगणकात असते, तीही मागा. मग स्वस्तापासून महागाकडे जा: आधी सायलेन्सरची गळती, जी वेल्डिंगच्या काहीशे रुपयांत मिटू शकते, मग प्लग आणि कॉइल, मग मागचा सेन्सर, आणि कन्व्हर्टर अगदी शेवटी. 'तो काढून सरळ पाइप टाकतो, दोन हजारांत काम होईल' असे कोणी म्हटले तर तेथून निघा. प्रदूषण नियंत्रणाचा भाग काढून टाकणे बेकायदा आहे. दिवा मधेच लुकलुकू लागला तर मात्र गाडी चालवू नका, टो करून न्या.

आठ दिवस दिवा का लागला नाही, यालाही स्कॅनरकडे उत्तर असू शकते. कोड पुसला किंवा बॅटरी काढून जोडली की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या शून्यापासून सुरू होतात आणि कन्व्हर्टरची चाचणी पुरी व्हायला बऱ्याच फेऱ्या लागतात. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली याची नोंद अनेक गाड्यांत सापडते. तो आकडा तुम्ही ताबा घेतल्यानंतर चालवलेल्या किलोमीटरांच्या आसपास निघाला, तर व्यापाऱ्याला लेखी पत्र लिहून दुरुस्तीचा खर्च मागा. त्याने दिलेल्या सहा महिन्यांच्या हमीत 'इंजिन' म्हणजे नेमके काय धरले आहे तेही वाचा. उत्तर आले नाही तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. विकण्याचे म्हणाल, तर दिवा लागलेली गाडी तोच व्यापारी ७०-८० हजार तोडूनच परत घेईल. सगळ्यात वाईट शक्यता धरली तरी दुरुस्ती स्वस्त पडते. आईसाठी गाडी हवीच आहे, ती ठेवा.

राहिला तुमच्या पत्रातला मावसभावाचा हिशेब: गाडी मोसमात पर्यटकांना दिवसाला दीड हजाराने द्यायची, महिन्याला वीस दिवस, म्हणजे ३० हजार. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे लागतात आणि त्यामागे परवाना लागतो. कळंगुटच्या रस्त्यावर अशी गाडी ठोकली गेली की विमा कंपनी पहिला प्रश्न भाड्याचाच विचारेल आणि दावा फेटाळेल. वीस दिवस हा आकडाही आशेतून आला आहे, तपासणीला जाण्याचे दिवस त्यात धरलेलेच नाहीत. हे उत्पन्न हिशेबात शून्य धरा.

परत येणाऱ्या ५८ हजारांतून दिव्याला आणि विम्याच्या फरकाला मिळून १३ हजार धरा, उरलेले ४५ हजार त्याच दिवशी वेगळ्या मुदत ठेवीत टाका. कर्ज महाग असले तरी आधी तेथे भरू नका; घरात आज अडीअडचणीसाठी एक रुपयाही नाही. पॉलिसीसाठी जे महिना ५ हजार जाणार होते त्यांपैकी हजारभर टर्म विम्याला आणि ४ हजार याच ठेवीला गेले, तर मोडलेले सव्वा लाख वीस महिन्यांत पुन्हा जमतील. त्यानंतर कर्जाची मुदतपूर्व फेड आणि तिचे शुल्क यांचा हिशेब करू.