पाणी गुडघ्याला असतानाच

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. कुकरची वाफ सुटली, त्याच वेळी धाकट्याने मागून खांद्यावर हात ठेवला आणि तू त्याला ओट्यावर ढकललंस. त्याच्या कपाळाला दोन टाके पडले. ‘काका, मला वेड लागतंय का?’ असं विचारलंयस. नाही रे. ट्रकचे एअरब्रेक सुटतात तसाच कुकरचा आवाज. तुझे पाय स्वयंपाकघरात होते, बाकी सगळा तू आडगावच्या पुढे हायवेवर, त्या अपघातात होतास.

मला हे कळतं, कारण २७ ऑगस्ट २००३ ला, नाशिकच्या कुंभातल्या शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर मीही होतो. त्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. माझ्या हातात एका आजीचं मनगट होतं. ते निसटलं. काचेच्या बांगड्या पिचल्याचा आवाज तेवढा राहिला. पुढे २०१५ च्या कुंभात गावाकडचे पाहुणे घेऊन होळकर पुलावर उभा होतो, आणि शेजारी कुणाची तरी बांगडी फुटली. मी पोटच्या पोराची मानगूट धरून त्याला अर्धा पूल फरफटत नेलं. तेव्हा तो दहावीत होता. त्याच्या वर्गातली दोन पोरं समोरून येत होती. त्याने मला माफ केलं, पण पुढे बरेच दिवस माझ्यासोबत चालताना तो हातभर अंतर ठेवून चालायचा.

साधी आठवण आली की ‘हे तेव्हाचं’ हे आपल्याला कळत असतं. फ्लॅशबॅकमध्ये, म्हणजे जुना प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटतं तेव्हा, तेवढंच कळत नाही. मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग धोक्याची घंटा वाजवतो, आणि कुठे-कधी याची नोंद ठेवणारा हिप्पोकॅम्पस त्या गोंगाटात मागे पडतो. म्हणून ‘आता विसर ना’ म्हणणाऱ्यांवर चिडू नकोस, पण त्यांचं ऐकूही नकोस.

आता कामाचं. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण नाशिककर काय विचारतो? ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?’ नदीपात्रातल्या त्या उंच मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. तू स्वतःला हेच विचार. माझ्या डॉक्टरांनी भीती किती, त्याला शून्य ते दहा आकडे लावायला सांगितले होते. मला ते काही जमेना, मारुती जमला. कारण पाणी छातीला लागल्यावर कुठलीही युक्ती चालत नाही. जे करायचं ते गुडघ्याला असतानाच. तुझा गुडघा कुठला, हे तुलाच शोधावं लागेल. माझे कान आधी गरम होतात, मग लोकांचे आवाज बादलीतून आल्यासारखे लांब जातात. वहीत लिहीत जा, महिनाभरात नकाशा दिसेल. धरणातून सोडलेलं पाणी शहरात पोचायला वेळ लागतो, तसंच आपलंही असतं. आदल्या रात्रीचं जागरण, रिकाम्या पोटी चार कटिंग, अपघाताची तारीख जवळ येणं... विसर्ग तिकडे वर सुरू झालेला असतो.

गुडघ्याला लागलं की डोळे मिटू नकोस. मिटले की आत तोच सिनेमा. उघड्या डोळ्यांनी, मोठ्याने बोल: आज वार कुठला, मी कुठे आहे, समोर काय दिसतंय. मी पुलाच्या कठड्यावर तळहात दाबून ‘मंगळवार आहे, दगड गार आहे, पलीकडे भाजीवाला मेथी निवडतोय’ असं बडबडतो. लोक बघतात, बघू देत. लोक ‘मोठा श्वास घे’ म्हणतात. पण घाबऱ्या माणसाने भराभरा मोठे श्वास घेतले तर चक्करच येते. श्वास साधाच घे आणि सोडताना मात्र लांबव, गरम चहावर फुंकर मारतो तशी. आणि बाइकवर असशील तर आधी गाडी कडेला.

कमरेच्या वर गेलं तर वाद, खुलासे काही नको, तिथून बाजूला हो. घरच्यांना आजच सांगून ठेव: मी ‘कमरेला’ म्हणालो की वाट सोडा, मागून हात लावू नका, समोर दोन पावलांवर थांबून नावाने हाक मारा. कुकर उतरवायच्या आधी आईने नुसतं ‘वाफ सोडतेय रे’ म्हटलं, तरी निम्मं काम होईल.

पूर ओसरल्यावर चिखल राहतोच. थकवा, शरम, दिवसभराची झोप. भावाची माफी माग, पण एकदाच. पुन्हा पुन्हा मागितलीस तर तुला सावरायचं कामही त्या पोरावरच येऊन पडेल.

हे सगळं म्हणजे वाळूच्या गोण्या. गोण्यांनी पूर आटत नाही, तू उपचार घ्यायलाच हवेस. अपघाताला महिना उलटला तरी हे चालू आहे, म्हणजे आता आपोआप जायची वाट बघू नकोस. त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-अपरात्री १४४१६ लाव, टेलिमानसची ती सरकारी लाइन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आघातावरचे खास उपचार आहेत: ती आठवण तज्ज्ञासोबत हळूहळू, ठरवून उघडायची, किंवा ईएमडीआर, म्हणजे तज्ज्ञासमोर डोळे डावी-उजवीकडे फिरवत ती आठवण आठवायची पद्धत. औषधांचाही उपयोग होतो, पण मेडिकलवाल्याकडून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नकोस. आणि दारू तर नाहीच. मी दोन्हींत मिळून सहा वर्षं घालवली, त्यातली निम्मी नुसती लपवाछपवीत.

रविवारी सकाळी साडेसहाला होळकर पुलावर ये. त्या वेळी फार कुणी नसतं. मी अजून रामकुंडापर्यंत सलग उतरलेलो नाही, गेल्या वेळी नवव्या पायरीवरून परत फिरलो. धाकटा येतो म्हणाला तर त्यालाही आण. नंतर मिसळ खाऊ, तुझ्या भावाला तिखट चालतं ना?

तुझा,
काका