दुसऱ्या पानावरचं वाक्य

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्याइतकाच चिडलो. परीक्षा चालू, सुपरवायझर दाराबाहेर फोनवर बोलत उभे, मागच्या तीन रांगांत कॉपीसाठी मोबाइल फिरतोय आणि तू मान खाली घालून चौथ्या गणितात अडकलेला. निकाल लागला तेव्हा त्यांना २० पैकी १८, तुला ११. "प्रामाणिक राहून मला मिळालं काय?" असं तू विचारलंस.

मार्कांना काय किंमत आहे, असं म्हणून मी तुझी समजूत काढणार नाही. मार्कांवर प्रवेश ठरतात, शिष्यवृत्त्या ठरतात. कॉपीने कुणाचं काही बिघडत नाही म्हणणाऱ्यांना तुझा निकाल दाखवायला हवा. तुझे मार्क कुणी कापले नाहीत, पण तुझा नंबर खाली गेला आणि तो खाली ढकलणारे तुझ्याच मागे बसले होते. राग आलाय तो रास्त आहे. जमलं तर विभागप्रमुखांना भेट आणि परीक्षेत सुपरवायझर वर्गात नव्हते, एवढं सांग. कुणाचं नाव घेऊ नकोस, त्याची गरज नाही. परीक्षा नीट घेतली गेली नाही हे सांगणं म्हणजे चहाडी नव्हे.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी दुसऱ्या पानावर अडलो. तिथे तू जाता जाता लिहिलंस, "प्रॅक्टिकलची गोष्ट वेगळी, रीडिंग तर सगळेच ॲडजस्ट करतात." आणि पुढच्या ओळीत तू दुसऱ्याच विषयाकडे वळलास. मला पुढे जाता आलं नाही, कारण हे वाक्य एकेकाळी माझ्याही तोंडी होतं.

पहिल्या वर्षाला साध्या लंबकाचा प्रयोग होता. मीटरभर दोरा, खाली धातूचा गोळा, हातात स्टॉपवॉच. २० आंदोलनांना किती वेळ लागतो तो मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, ९.८. माझं १०.८ च्या वर येत होतं. तीनदा केलं, तीनदा तेच. तास संपत आला होता, सहीसाठी रांग लागली होती. मग मी उत्तराकडून उलटा निघालो. ९.८ यायला घड्याळात ४० सेकंद दिसायला हवे होते, माझे ३८ येत होते. खोडरबराने ३८ पुसले आणि ४० लिहिले. खरं वाटावं म्हणून एकीकडे ४०.१, दुसरीकडे ४०.२. सही मिळाली, १० पैकी ९ मिळाले.

चूक साधी होती. गोळा सोडताना मी "एक" म्हणत होतो. म्हणायला हवं होतं "शून्य". मी विसापर्यंत पोचायचो तेव्हा लंबकाची एकोणीसच आंदोलनं झालेली असायची. सरांना मी ३८ सेकंद दाखवले असते तर त्यांनी "पुन्हा कर बघू" म्हटलं असतं, माझी मोजणी ऐकली असती आणि दोन मिनिटांत काम झालं असतं. मी त्यांना ४० दाखवले. त्यात पकडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

काही वर्षांनी त्याच प्रयोगाच्या टेबलापाशी मी शिकवायला उभा राहिलो. करून दाखवताना गोळा सोडला आणि मोठ्याने म्हणालो, "एक." समोरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, शून्यापासून ना?" तिला खरंच शंका होती. मी गोळा हाताने थांबवला आणि त्या क्षणी मला ते पुसलेले ३८ सेकंद आठवले. इतकी वर्षं ती चूक माझ्याजवळ सांभाळून ठेवलेली होती, आणि त्याबद्दल मला ९ मार्कही मिळालेले होते.

म्हणून तुझ्या ११ मार्कांकडे जरा माझ्या जागेवरून बघ. चौथं गणित तुला येत नाही हे तुला माहीत आहे, पेपर तपासणाऱ्यांनाही माहीत आहे. १८ वाल्यांना कुठलं गणित येत नाही, हे आता कुणालाच माहीत नाही. त्यांनाही नाही. माणूस अडतो तिथेच शिकवणाऱ्याला हात घालता येतो, आणि दुसऱ्याचं उतरवलेलं उत्तर नेमकी तीच जागा लिंपून टाकतं. फोनमधल्या यंत्राकडून लिहून घेतलेल्या असाइनमेंटचंही तसंच. यंत्राला विचारून समजून घेतलंस तर माझी हरकत नाही. पण नंतर फोन बाजूला ठेवून तेच कोऱ्या कागदावर मांडता आलं नाही, तर ते उत्तर तुझं नाही.

आता, रीडिंग ॲडजस्ट करणं तुला कॉपीसारखं का वाटत नाही? यावर एक प्रयोग झालेला आहे, 'नेचर'मध्ये २०१६ साली छापून आला. २३ देशांतल्या अडीच हजारांहून जास्त तरुणांना एकेकटं बसवून पेल्याखाली फासा दोनदा टाकायला सांगितला. पहिल्या वेळी पडलेला आकडा कळवायचा आणि त्याप्रमाणे पैसे घ्यायचे. मोठा आकडा तर जास्त पैसे, फक्त सहा पडला तर काहीच नाही. फासा दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हता. बेधडक खोटं बोलणाऱ्या प्रत्येकाने "पाच" सांगून मोकळं व्हायला हवं होतं. तसं करणारे थोडे निघाले. पण कळवलेल्या आकड्यांचा एकूण हिशेब बघितला तर दोन फाशांतला बरा तो अनेकांनी पहिला म्हणून सांगितला असावा, असं दिसलं. आकडा पडला होता हे तर खरंच, फक्त तो दुसऱ्या वेळचा होता.

"मला येत होतं, फक्त सूत्र आठवेना म्हणून बघितलं." "प्रयोग केला होता, फक्त आकडे नीट केले." ही वाक्यं म्हणजे तो दुसरा फासा आहे. आपण खोटं बोललो असं माणसाला वाटत नाही, इतपतच तो खरं वाकवतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. ज्या देशांत लाचखोरी, करचुकवेगिरी, निवडणुकांतले गैरप्रकार जास्त, तिथल्या तरुणांच्या आकड्यांत हे वाकवणंही जास्त होतं. आजूबाजूला जे चालतं, त्याप्रमाणे आपली "एवढं चालतं" ही रेघ सरकत जाते. विद्यार्थ्यांच्या कॉपीवर विल्यम बोवर्स यांनी अमेरिकेतल्या ९९ महाविद्यालयांत केलेली पाहणी १९६४ साली छापून आली, पुढे डोनाल्ड मकेब यांनी तोच विषय कित्येक वर्षं लावून धरला. इतर मुलं काय करतात असं एखाद्याला वाटतं, याचा त्याच्या वागण्यावर फार मोठा परिणाम होतो, हे त्या कामातून पुन्हा पुन्हा पुढे आलं. म्हणजे "सगळेच करतात" हे ज्याच्या कानावर पडतं, त्याला ती परवानगी वाटते. तू ते मला लिहिलंस. तुझ्या मागच्या वर्षातल्या पोरांनाही कधीतरी म्हणाला असशील.

प्रयोगशाळेतले आकडे प्रयोगशाळेतच राहतात, असं वाटतं ना? काँक्रीट ओततात तेव्हा त्याच मिश्रणाचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात. ते पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्राखाली दाबून फोडतात. ठोकळा किती भाराला फुटला तो आकडा रजिस्टरात जातो आणि त्याच्या भरवशावर वरचा मजला चढतो. ठोकळा न फोडताच आकडा लिहिणारा माणूस कुणी राक्षस नसतो. उत्तर काय यायला हवं ते त्याला माहीत असतं, वेळ संपत आलेली असते, सही हवी असते. हे कसं करायचं ते त्याला नोकरीत कुणी शिकवलेलं नसतं, तो ते शिकूनच आलेला असतो.

बनवलेले आकडे कधी कधी स्वतःच बोलतात, हेही सांगून ठेवतो. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध आला. फॉर्मवर "माहिती खरी आहे" ही सही तळाशी न घेता सुरुवातीलाच घेतली तर लोक जास्त खरं लिहितात, असं त्यात म्हटलं होतं. एक पुरावा होता वाहनविम्याचा, गाडी किती मैल चालली ते मालकांनी लिहिलेले आकडे. २०२० मध्ये त्याच लेखकांनी प्रयोग पुन्हा केले आणि परिणाम दिसत नाही असं स्वतः छापलं, त्याचं मला कौतुक वाटतं. जुने आकडेही त्यांनी खुले केले. ते इतरांनी तपासले तेव्हा घोळ बाहेर आला. माणसं हाताने आकडा लिहितात तेव्हा तो गोल करतात, शेवटी शून्यं येतात. इथे प्रत्येक गाडीच्या आधीची आणि नंतरची अशा दोन नोंदी होत्या, आणि नंतरच्या नोंदींत तशी शून्यं नव्हती. १० हजार मैल चालवणारे जितके, जवळपास तितकेच ४० हजार चालवणारे, आणि ५० हजारांच्या पुढे एकही गाडी नाही. २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. तोवर नऊ वर्षं लोक त्यावर विसंबून होते.

तुझ्या कामाचं बोलू. यापुढे रीडिंग चुकलं तर खोडरबर वापरू नकोस. आकडा वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर मार, शेजारी नवा आकडा आणि तारीख लिही. उत्तर जुळलं नाही तर जे आलं ते तसंच ठेव आणि सरांना सांग, "सर, माझं चुकतंय, पण कुठे ते सापडत नाही." पहिल्यांदा जड जाईल. एखाद्या सरांनी मार्क कापले तर कापू देत. गेल्या सत्रात जे प्रयोग असे जुळवून घेतलेस, त्यातला निदान एक पुन्हा करायची परवानगी माग. मार्कांसाठी नको, तुझा तो "एक" कुठे दडलाय ते कळावं म्हणून. आणि मित्राने जर्नल छापायला मागितलं तर नुसतं "नाही" म्हणून त्याला तोडू नकोस. "ये, बसून करू," म्हण. दोन तास तुझेही जातील, ते जाऊ देत.

मागच्या रांगेतल्यांवर फार दिवस रागवून राहू नकोस. १९२८ मध्ये हार्टशॉर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी मुलांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष छापले होते. एका ठिकाणी खरं वागणारं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवताना दिसलं. मुलांचे प्रामाणिक आणि लबाड असे दोन सरळ गट काही पडले नाहीत. तुझ्या पत्राच्या दोन पानांत मला तेच दिसलं, आणि माझ्या जुन्या जर्नलमध्येही.

रविवारी सकाळी मी घरीच आहे. पक्कं जर्नल नको, कच्ची वही घेऊन ये. चौथं गणितही आण, जिथपर्यंत आलं होतं तिथपर्यंत सोडवलेलं.

तुझा,
सर