खडकीच्या लढाईतला एल्फिन्स्टन लॉर्ड होता का?

प्रश्न : मुलाला शाळेत खडकीच्या लढाईवर प्रोजेक्ट दिलाय. एल्फिन्स्टनबद्दल शोधलं तर एका ठिकाणी तो १८१९ ला मुंबईचा गव्हर्नर झाला असं आहे आणि दुसरीकडे १८५३ ला. एकीकडे नुसता माउंटस्टुअर्ट, दुसरीकडे तेरावा लॉर्ड. माणूस एकच की दोन?
– एक वाचक, खडकी, पुणे

उत्तर : ताई, माणसं दोन आहेत, सख्खे काका-पुतणे, आणि दोघंही मुंबईचे गव्हर्नर झाले म्हणून भलेभले इथे गोंधळतात. नाव आणि हुद्दा बाजूला ठेवा, आधी बाप कोण ते बघा, आपण वंशावळ लावतो तसंच.

हे स्कॉटलंडचं जुनं घराणं, पहिला लॉर्ड एल्फिन्स्टन १५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत पडला. तुम्ही दहाव्या लॉर्डपासून सुरू करा. त्याचा एक मुलगा अकरावा लॉर्ड झाला, दुसरा विल्यम फुलर्टन हा ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर आणि तिसरा जॉर्ज नेव्हीत ॲडमिरल. अकराव्याचा थोरला मुलगा बारावा लॉर्ड, आणि चौथा मुलगा आपला माउंटस्टुअर्ट. तिथे लॉर्ड हा किताब थोरल्याकडे जातो, धाकट्यांनी आपली वाट शोधायची, म्हणून हा पोरगा १७९६ ला सोळाव्या वर्षी कलकत्त्याला उतरला आणि पुढे पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील झाला. खडकीच्या लढाईच्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, मुळा-मुठेच्या संगमावरची त्याची रेसिडेन्सी जळाली, पुस्तकं-कागदपत्रं सगळं गेलं. १८१९ चा गव्हर्नर तो हाच, पण हा कधीच लॉर्ड नव्हता, लग्नही केलं नाही, १८५९ ला वारला. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज याच्या नावाचं.

१८५३ ते १८६० चा गव्हर्नर म्हणजे बाराव्याचा मुलगा जॉन, तेरावा लॉर्ड. ज्या स्टेशनला आता प्रभादेवी म्हणतात त्या एल्फिन्स्टन रोडला नाव याचं होतं.

आता खरी गंमत इथे आहे आणि मुलाला ही नक्की दाखवा. तेरावा १८६० ला बिनलग्नाचाच गेला, मग किताब चुलत भावाकडे, तो चौदावा, तोही १८६१ ला गेला आणि किताब आला त्या डायरेक्टर विल्यमच्या नातवाकडे, तो पंधरावा. म्हणजे आकडे तीन पण पिढी एकच! तो आकडा किताब कितव्या माणसाकडे आला ते सांगतो, पिढ्या मोजत नाही, आणि आपण मात्र तेरावा-चौदावा वाचलं की बाप-लेक समजून रेघ खाली ओढतो. दत्तक घेऊन किताब चालवायची सोयही तिथे नाही, रक्ताचाच पुरुष वारस लागतो. आपल्याकडे दत्तकाने घराणं चालतं, पण १८५१ ला दुसऱ्या बाजीरावाच्या मागे दत्तक नानासाहेबांना पेन्शन नाकारलं ते नाकारलंच, मला ते आजही लागतं.

अजून एक एल्फिन्स्टन सापडेल, १८४२ च्या काबूलहून झालेल्या इंग्रज फौजेच्या माघारीतला जनरल. तो डायरेक्टर विल्यमचा मुलगा, म्हणजे माउंटस्टुअर्टचा चुलत भाऊ, त्याला खडकीत घुसवू नका.

चार्टवर दहाव्या लॉर्डखाली तीन रेघा काढा, अकराव्याच्या रेघेखाली चौथ्या मुलाच्या जागी माउंटस्टुअर्ट लिहा आणि खडकीची लढाई फक्त त्याच्या नावापुढे टाका.