पोकरमध्ये आधी पानं कोणी उघडायची?

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला आम्ही सात-आठ जण समाजमंदिराच्या ओट्यावर चिचोके लावून टेक्सास होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि खाली सगळ्यांची सामायिक पाच, असा पोकरचा प्रकार) खेळतो. शेवटी दोघं उरले की "तू दाखव, तू दाखव" सुरू होतं. आधी कोणी दाखवायचं?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : रिव्हरच्या, म्हणजे पाचव्या पानानंतरच्या फेरीत ज्यानं शेवटी चिचोके लावले किंवा वाढवले, त्यानं. तुम्ही वीस लावले, समोरच्यानं साठ केले आणि तुम्ही ते भरले, तर आधी पानं त्याची. त्या फेरीत सगळ्यांनी 'चेक' केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली असेल, तर वाटणाऱ्याच्या डावीकडून मोजत जो पहिला खेळात उरलाय त्यानं उघडायचं. आधीच्या फेरीत कोणी किती लावलं ते धरत नाहीत. समोरचा हात वरचढ दिसला, तर दुसऱ्यानं आपली पानं उलटीच सारली तरी चालतं.

तुमचा घोळ तीन पत्तीच्या सवयीचा आहे. तिथं 'शो' मागणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते आणि बरोबरी झाली तर बहुतेक ठिकाणी तोच हरतो. पोकरमध्ये शेवटचा कॉल झाला, म्हणजे समोरच्यानं लावलेलं भरलं, की शो आपसूक येतो आणि बरोबरीत पॉट, म्हणजे मधे जमलेले चिचोके, वाटून घेतात. शेजाऱ्याशी गुपचूप पानं ताडून पाहायचा साइड शो तर इथं नाहीच.

हात पक्का जिंकणारा असेल तर पाळी कोणाची हे बघत बसू नका, लगेच उघडा. समोरच्याला उगाच आशेवर ठेवणं पोकरच्या टेबलावर फार वाईट दिसतं. आणि चिचोक्यांवर खेळता ते तसंच राहू द्या. चार लोकांच्या ओट्यावर पैसे लावलेत तर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो.

प्रश्न : एक जण "स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) आहे" म्हणाला, म्हणून दुसऱ्यानं आपली पानं ढिगात टाकली. पाहतो तर पहिल्याकडे नुसती जोडी! पॉट कोणाचा?

उत्तर : पहिल्याचाच. ढिगात मिसळलेली पानं मेली. त्यानं मुद्दाम खोटं सांगितलं असेल तर त्याला समज द्या, पुन्हा केलं तर उठवा. पण गेलेला हात परत येत नाही.

बोललेलं धरायचं नाही, उघडी पानं धरायची. हे उलटही लागू होतं. खाली चव्वी, पंजी, छक्की, नव्वी, राजा आहेत. एक जण "माझ्याकडे काही नाही" म्हणत सत्ती-अठ्ठी उघडी टाकतो. त्याची पंजी ते नव्वी स्ट्रेट झाली आहे. ती कोणीही दाखवून द्यावी.

म्हणून समोरच्याची दोन्ही पानं सतरंजीवर उताणी पडेपर्यंत आपली सोडू नका. एकाच पानावर हात होत असला तरी दोन्ही दाखवावी लागतात. जिंकलात तरी पॉट तुमच्याकडे सरकेपर्यंत पानं समोरच असू द्या. ओट्यावर वारा असतो, पानांवर एखादा गुळगुळीत गोटा ठेवा. वाटणाराही चुकून ती ढिगात ओढत नाही.

प्रश्न : फोल्ड केल्यावर, म्हणजे पानं टाकून डाव सोडल्यावर, शेजाऱ्याला पानं दाखवली तर काय बिघडतं?

उत्तर : एकाला दाखवली की सगळ्यांना दाखवायची, तीही हात संपल्यावर. हात चालू असताना चुकचुकणंसुद्धा नको. खाली दोन नव्व्या असताना "अरे, माझी नव्वी गेली!" असं तोंडातून निघालं, तर बाकीच्यांना कळतं की आता बाहेर एकच नव्वी उरली. नव्वी असल्याचा आव आणून खेळणाऱ्याचा डाव तिथंच मोडतो.