गिऱ्हाईक दारात आलं, हे फोनला कसं कळतं?

प्रश्न : कोल्हापुरात चप्पल लाइनला माझं वडिलोपार्जित दुकान आहे. मध्यंतरी एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. भवानी मंडपाच्या नकाशावर लाल-पिवळे ठिपके दाखवले आणि म्हणाला, "काका, तुमच्या दारावरनं कोण जातंय, आत कोण येतंय, शेजारच्या दुकानात कोण शिरतंय, सगळं मोबाईलवरनं कळतंय. महिन्याचं पॅकेज घ्या." फोरस्क्वेअर नावाची अमेरिकन कंपनी ह्याच धंद्यावर मोठी झाली, असंही सांगत होता. खरंच असं कळतं का? आणि माणसांच्या नुसत्या जाण्यायेण्यावर कंपनी मोठी होते तरी कशी?
– एक चप्पल व्यावसायिक

उत्तर : पैशाचं आधी सांगतो. देऊ नका.

आता कारण. फोनमधला नकाशा उघडा. तुमचा निळा ठिपका ठामपणे एका जागी बसलेला दिसेल, पण त्याच्याभोवती फिकट निळं वर्तुळ असतं, तिकडं कुणी बघत नाही. 'माणूस ह्या वर्तुळात कुठंतरी आहे' एवढंच फोन सांगत असतो. उघड्या आभाळाखाली चांगल्या फोनची चूक साधारण 5 मीटर धरतात. दोन्ही बाजूंना इमारती आणि डोक्यावर पत्रा असला की ती आणखी वाढते. तुमच्या लाइनीतलं दुकान दहा फूट रुंद, आणि शेजारच्याचा माल तुमच्या खांबापर्यंत लटकलेला. 5 मीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात तीन दुकानं सहज बसतात. गिऱ्हाईक तुमच्याकडं आलं की शेजारी गेलं, हे जीपीएस कुठनं सांगणार? नवरात्रात दर्शनाची रांग तुमच्या दारावरनं वळली, तर रांगेतला प्रत्येक भाविक त्या पोराच्या नकाशावर तासभर तुमच्याच गादीवर बसलेला दिसेल.

मग फोरस्क्वेअरला कसं जमलं? ती कथा मात्र ऐकण्यासारखी आहे.

डेनिस क्राउली ह्या माणसानं आधी डॉजबॉल नावाची सेवा काढली होती. मी अमुक ठिकाणी बसलोय, असा एसएमएस मित्रांना जायचा. 2005 मध्ये गुगलनं ती विकत घेतली आणि 2009 मध्ये बंद केली. त्याच वर्षी क्राउलीनं नवीन सेल्वादुराईला बरोबर घेऊन न्यूयॉर्कमध्ये फोरस्क्वेअर सुरू केलं. हॉटेलात गेलं की फोन काढायचा, यादीतलं नाव निवडायचं आणि 'आलो' म्हणून बटण दाबायचं. एका जागी सगळ्यांत जास्त हजेरी लावणारा तिथला 'मेयर'. फुकटचं महापौरपद! त्यापायी माणसं काय काय करतात, हे कोल्हापूरकरांना मी काय सांगू?

काही वर्षांत ह्या खेळाची नवलाई ओसरली. 2014 मध्ये कंपनीनं ॲपचे दोन तुकडे केले. हजेरीचा खेळ स्वार्म नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये गेला आणि जुने वापरणारे वैतागले. बघणाऱ्याला वाटावं, आता हिचं दुकान बंद होणार.

पण तोवर हजेऱ्यांची संख्या अब्जांत गेली होती. बटण दाबलं त्या क्षणी फोनला जीपीएस काय दाखवत होतं, आसपासची कुठली वायफाय किती जोरात मिळत होती, हे सगळं नोंदलं जायचं, आणि शेजारी माणसानं स्वतःच्या हातानं निवडलेलं दुकानाचं नाव. अशा नोंदींवर यंत्र शिकत गेलं, की सिग्नलचं अमुक मिश्रण म्हणजे कोपऱ्यावरची बेकरी आणि तमुक म्हणजे तिच्या शेजारचं औषधाचं दुकान. पुढं बटण दाबायची गरजच उरली नाही. लोकेशनची परवानगी दिलेला फोन खिशात असला तरी माणूस कुठं थांबला ते कळू लागलं. तुमच्या लाइनीत अशा हजेऱ्या कुणी लावल्यात?

त्याची ताकद जगाला दिसली ती चिपोटलेच्या निमित्तानं. अमेरिकेतली ही हॉटेलांची साखळी. 2015 च्या अखेरीस तिथलं खाऊन लोक आजारी पडले आणि गिऱ्हाईक तुटलं. एप्रिल 2016 मध्ये, चिपोटलेनं तिमाहीचे आकडे जाहीर करायच्या आधीच, फोरस्क्वेअरचे तेव्हाचे प्रमुख जेफ ग्लूक ह्यांनी सांगून टाकलं की जुन्या शाखांची विक्री जवळपास 30 टक्क्यांनी घटलेली असेल. जाहीर झालेली घट निघाली 29.7 टक्के. दुसऱ्याचा गल्ला न बघता त्यातली रक्कम सांगणारा माणूस कुठल्याही पेठेत दबकूनच राहतो, इथं तर ते काम एक कंपनी करत होती.

पुढची वाढ ह्याच वाटेनं झाली. ट्विटर, उबर अशांनी तिची ठिकाणांची यादी वापरली. आमची जाहिरात बघून माणूस खरंच दुकानात गेला का, हे मोजून घ्यायला जाहिरातदार पैसे देऊ लागले. 2020 मध्ये फॅक्च्युअल ही त्याच धंद्यातली कंपनी तिच्यात विलीन झाली. आणि 2024 च्या डिसेंबरात तिनं आपलं जुनं 'सिटी गाइड' ॲप बंद करून टाकलं. ज्या ॲपमुळं लोक तिला ओळखत होते, त्याच्यावाचून आता तिचं अडत नव्हतं.

आता चिपोटलेच्या शाखा तेव्हा होत्या दोन हजारांच्या घरात. एका शाखेत चार माणसं कमी मोजली, दुसरीत चार जास्त, तरी एकूण अंदाज जमतो. तुमचं दुकान एकच. शिवाय अशा कंपनीकडं शहरातले सगळे फोन कधीच नसतात, ठरावीक ॲप घेतलेल्यांचेच असतात. त्यातले चप्पल लाइनीत किती आणि त्यातले तुमच्याकडं किती? अशा मोजणीपेक्षा उंबऱ्यावर बसून बघणारा तुमचा गडी जास्त खरं सांगेल.

तो पोरगा पुन्हा आलाच तर विचारा, हे फोन कुठल्या ॲपमधनं घेतलेत, आणि त्या माणसांनी ह्याच कामासाठी होकार दिलाय का. आपल्याकडं 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवरच उभा आहे. अमेरिकेत तर फेडरल ट्रेड कमिशन ह्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं जानेवारी 2024 मध्ये एक्स-मोड ह्या लोकेशनची माहिती विकणाऱ्या कंपनीला दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा नाजूक जागांवरच्या फोनची माहिती विकायला मनाई केली. "कोण जातंय ते कळतंय" असं तो छातीठोकपणे म्हणाला ना, त्या 'कोण'वरच मला जास्त शंका आहे.

बाकी एक काम फुकटात होण्यासारखं आहे. गुगल मॅपवर तुमच्या दुकानाची पिन कुठं पडलीय ते आजच बघा. दोन दुकानं पलीकडं असली तर ओढून जागेवर आणा, सुट्टीचा वार टाका, पायरीचा आणि पाटीचा फोटो चढवा. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडतं ते फोन बघतच.

प्रश्न : लोकेशन बंद ठेवूनही मला कोल्हापुरातल्याच साड्यांच्या जाहिराती दिसतात. कुणी पाळत ठेवतंय का?
– एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : पाळत लागत नाही, ताई. इंटरनेटवर फोनला जो क्रमांक (आयपी पत्ता) मिळतो त्यावरून गावाचा अंदाज येतो, आणि साडीवाल्याला तेवढा पुरतो. फोन चालू आहे तोवर मोबाईल कंपनीलाही टॉवरवरून तुमचा भाग कळतोच, त्याशिवाय कॉल लागणारच नाही. तुमच्या हातात आहे ते ॲपचं. सेटिंगमध्ये एकेका ॲपची परवानगी उघडा. टॅक्सी आणि नकाशाला 'ॲप वापरताना'पुरतीच ठेवा, हवामानाच्या ॲपला अंदाजे जागा द्या, अँड्रॉइड 12 पासून तशी सोय आहे. टॉर्च आणि पत्त्यांचा खेळ ह्यांना लोकेशन कशाला हवंय? काढून टाका. जमलं तर जाहिरातवाले ज्यावरून फोन ओळखतात तो जाहिरातींसाठीचा आयडीही त्याच सेटिंगमधून पुसता येतो. साड्या मात्र तरीही दिसतील, कारण तुम्ही त्या बघता.