पाड्यावर नवीन असशील तर

वनहक्काचं काम करायला आलास, तरी पहिला महिना भाषण करू नकोस. चुलीपाशी बस, ऐक. वनहक्काच्या दाव्यात, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागताना, म्हाताऱ्यांची आठवण हाही पुरावा असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियम १३ नुसार दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. ‘वनखात्याच्या दंडाच्या पावत्याच आणा’ असं कुणी म्हणालं, तर नियम उघडून दाखव. त्या नियमातले किमान दोन पुरावे जोड, आणि जमिनीचा कब्जा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा आहे ना, ते पाहून घे.

ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. त्या रानातून दिवेलागणीला परततात, सभा तेव्हाच ठेव. माझ्या पहिल्या सभेला भर दुपारी सात बाप्ये आणि एक कुत्रं होतं!

कागद दिलास की शिक्क्याची पोच घे. आमचे दावे एका कचेरीत ‘सापडत नाहीत’ झाले. पोच नव्हती, दोन वर्षं वाया गेली. दावा नाकारला तर कारण लेखी माग, अपिलाला ६० दिवसच असतात.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, पण गावाचा अभ्यासगट त्याच्या कितीतरी आधीपासून बसत होता. आणि डबा घरून ने. पाड्यावर पाहुण्याला आधी वाढतात, मग उरलं तर पोरं जेवतात.